ईशान्येला प्लग नाही

मासे पाळण्याच्या छंदात सगळ्यांत स्वस्त वस्तू म्हणजे मासे. गप्पीची जोडी वडापावच्या भावात येते. तिच्यामागून काचेची टाकी, टाकीखाली स्टँड, टाकीवर दिवा, टाकीत फिल्टर आणि फिल्टरच्या सोबतीला हीटर अशी वरात निघते. बरं, याच गप्पी माशांना महापालिकेचा हिवताप विभाग डासांच्या अळ्या खायला म्हणून विहिरीत आणि साचलेल्या पाण्यात फुकट सोडतो. तिथे ते कशाची मागणी करत नाहीत आणि संसार जोरात करतात. आमच्या दिवाणखान्यात आले की मात्र त्यांना पाणी २५ अंशांचंच लागतं.

दुकानदाराचं म्हणणं अगदीच खोटं नसतं, म्हणून जास्त राग येतो. विहिरीचं पाणी एका रात्रीत गार पडत नाही. काचेच्या छोट्या टाकीतलं पडतं, दुपारी पुन्हा तापतं, आणि या खालीवरीत माशांच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके उठतात. तेव्हा खर्च करायचाच, एवढं घरात ठरलं. कुठे करायचा, यावर एकमत होत नव्हतं.

आत्याचा फोन आला. टाकी ईशान्येलाच ठेवायची, नाहीतर लक्ष्मी टिकत नाही. आम्ही मोबाइलमधलं होकायंत्र उघडून ईशान्य शोधली. बिल्डरने त्या कोपऱ्यात एक खिडकी दिली आहे, ऊन दिलं आहे, पण प्लग दिलेला नाही. टाकीला फिल्टर, हीटर, दिवा आणि हवेचा पंप असे चार प्लग लागतात. शिवाय ऊन थेट पडलं की शेवाळ माजतं. ईशान्य बाद झाली. टाकी नैर्ऋत्येला, टीव्हीशेजारी बसली. लक्ष्मी तशीही दुकानदाराकडे गेलीच होती.

टाकीची मापं दोन फूट बाय एक बाय एक. काठोकाठ भरली तर सत्तावन्न लिटरच्या आसपास. वरची मोकळी जागा, वाळू, दगड आणि चिरंजीवांच्या हट्टाखातर आलेली, झाकण उघडमीट करणारी खजिन्याची पेटी वजा जाता ५० लिटर धरा. हा आकडा पाठ केल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये. 'टाकी केवढी?' या प्रश्नाला जो दोन्ही हात फाकवून उत्तर देतो, त्याच्या हाती हजार लिटरची मोटर पडते. खोक्यावरचा आकडा ताशी लिटरचा असतो. तासाला टाकीच्या चार-पाचपट पाणी फिरलं की साध्या टाकीला पुरतं, म्हणजे आमचं काम दोन-अडीचशे लिटरवर भागत होतं. खोक्यावरचा आकडा मोकळ्या मोटरचा, आत स्पंज भरला की तो उतरतो, म्हणून थोडं वरचं माप घ्यावं, हेही खरं. पण हजार लिटर म्हणजे अख्खी टाकी तासातून वीस वेळा ढवळणं. त्यात गप्पी पोहत नाहीत, त्यांची मिरवणूक निघते. फायटरसारखा लांब पिसाऱ्याचा मासा तर थेट जाळीला चिकटतो.

"काका, पॉवर जास्त असली की पाणी जास्त स्वच्छ," दुकानातला पोरगा म्हणाला. पन्नाशीच्या आतल्या माणसाला काका म्हणणाऱ्यांवर मी तांत्रिक बाबतीतही विश्वास ठेवत नाही.

फिल्टरचे प्रकार पुष्कळ. पुण्यातल्या बऱ्याच घरांत टॉप फिल्टर दिसतो. टाकीवर आडवा पन्हळीसारखा डबा, मोटर पाणी वर फेकते, ते कापसातून गळून पुन्हा खाली. स्वस्त आहे, उघडायला सोपा आहे, दिसायला मात्र टाकीवर प्लॅस्टिकचं गटार बांधल्यासारखा. दुसरा हँगऑन, म्हणजे टाकीच्या मागच्या काठाला लटकणारा. तो देखणा असतो, पण टाकीतलं पाणी दोन बोटं कमी झालं की त्याचा धबधबा होतो. दिवसा त्या आवाजाने मन प्रसन्न होतं. रात्री आमचे बाबा त्या आवाजाने चार वेळा उठले आणि सकाळी डॉक्टरकडे जायचं म्हणू लागले. हँगऑन परत गेला. कॅनिस्टर हा श्रीमंतांचा फिल्टर. तो टाकीखालच्या कपाटात बसतो, आवाज करत नाही, आणि किंमत ऐकल्यावर आपणही करत नाही.

उरला स्पंज फिल्टर. हवेच्या पंपाची नळी एका नळकांड्यातून बुडबुडे सोडते, ते वर चढताना पाणी ओढतात आणि पाणी स्पंजातून गाळलं जातं. सगळ्यांत स्वस्त, पिल्लं ओढली जात नाहीत, बिघडायला आत काही नाही. म्हणूनच दुकानदार त्याच्याबद्दल कमी बोलतो. एकच मेख आहे. पंप टाकीच्या पाण्याखालच्या पातळीवर ठेवला तर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं येतं, आणि पंपातून जमिनीवर. त्यासाठी नळीत छोटा एकमार्गी व्हॉल्व्ह बसवावा, नाहीतर पंपच उंचावर ठेवावा. आमच्याकडे पाण्यापेक्षा उंच अशी एकच फळी होती, ती गणपतीची. आईने जागा दिली, पण पंपाची घरघर आरतीच्या वेळी बंद ठेवायच्या अटीवर.

फिल्टर घेताना कोणी सांगत नाही ती गोष्ट अशी की, त्यात मळ अडकतो हे त्याचं दुय्यम काम. मासे कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात आणि त्यातच गुदमरतात. नायट्रोसोमोनास नावाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग नायट्रोस्पिरा त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य, झाडं थोडं खातात, उरलेलं दर आठवड्याला थोडं पाणी बदलून काढायचं. ही सगळी मंडळी स्पंजाच्या छिद्राछिद्रांत राहतात. म्हणजे फिल्टर ही त्यांची चाळ, आणि ती भरायला चार ते सहा आठवडे लागतात.

तेवढे दिवस टाकीत मासे नसावेत, हे शास्त्र. ते पाळणाऱ्या कुटुंबाची सोसायटीत काय शोभा होते, हे शास्त्रात नाही. आम्ही रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकत होतो, ते कुजून अमोनिया व्हावा म्हणून. हळदीकुंकवाला आलेल्या बायका टाकीपुढे वाकून मासे शोधत. "लाजाळू आहेत का?" एकीने विचारलं. चिरंजीवांनी खरं सांगितलं, "मासे नाहीत. आम्ही जिवाणू पाळतोय." त्यानंतर आमच्याकडच्या तिळगुळाला हात लावताना लोक जरा विचार करू लागले.

आणि हे जपलेलं गोकुळ कामाच्या मावशी पाच मिनिटांत धुऊन काढू शकतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं. स्पंज टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच हलके पिळायचा, तोही लख्ख नाही. मावशींना हे पटेना. "घाण पाण्यात धुतलं तर धुतलं कशाला म्हणायचं?" या प्रश्नाला माझ्याकडे नायट्रोस्पिरा सोडून उत्तर नव्हतं.

हीटरचा प्रश्न मात्र शेजारच्या काकांनी ताब्यात घेतला. काका वीज मंडळातून निवृत्त झाले, वीज त्यांच्यातून झालेली नाही. ढोबळ नियम लिटरला एक वॅट. काकांना ढोबळ चालत नाही. त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागे गणित मांडलं : ५० लिटर पाणी पाच अंश तापवायला साधारण ०.२९ युनिट. ५० वॅटच्या हीटरला पावणेसहा तास, १०० वॅटच्याला तीन तासांहून थोडे कमी, हवेत जाणारी उष्णता सोडून. "आणि तो पोरगा ३०० वॅटचा देत होता ना? त्याचा थर्मोस्टॅट चिकटला तर तासाला पाच अंश. रात्री झोपलात तर सकाळी फक्त कोकम घालायचं बाकी." मोठ्या एका हीटरपेक्षा छोटे दोन बरे, असा निकाल त्यांनी दिला. एक चिकटला तरी दुसरा बंद असतो आणि एकट्याच्या अंगात कालवण करण्याइतकी ताकद नसते. वायर आधी खाली लोंबू द्यायची आणि मग वर प्लगकडे न्यायची, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगात न जाता खाली ठिबकतं, हेही त्यांनीच शिकवलं. त्यानंतर त्यांनी आमच्या घराचं अर्थिंग तपासलं. ते नव्हतं. माशांनी आमचा जीव वाचवला, असं ते सगळ्यांना सांगतात.

दादरचा मावसभाऊ या सगळ्याला हसला. "हीटर कशाला रे? क्रॉफर्ड मार्केटमधून मासे आणतो, आमच्याकडे असेच जगतात." त्याचं बरोबर आहे. मुंबईत थंडी ही बातमी असते. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा दहा-बारावर उतरतो, खिडक्या लावलेल्या खोलीतही पाणी एकोणीस-वीसवर येतं. हीटर किती वॅटचा हे माशावर कमी आणि पिनकोडवर जास्त अवलंबून असतं. गोल्डफिशला तर तो नकोच, त्याला गारवा आवडतो. पण तो घाण इतकी करतो की हीटरचे वाचलेले पैसे फिल्टरमध्ये जातात.

हीटर लागला त्या संध्याकाळी आई त्याचा लाल दिवा बराच वेळ बघत होती. "मी गरम पाण्याची पिशवी मागितली तर म्हणालास, दोन सॉक्स घाल."

हीटरचं एक पथ्य म्हणजे पाणी बदलण्याआधी तो बंद करून पंधरा-वीस मिनिटं निवू द्यायचा. तापलेली काच पाण्याबाहेर उघडी पडून वर गार पाणी आलं की तडकते. मावशींनी हे मात्र पहिल्याच वेळी मान्य केलं. त्यांचा तवा तसाच तडकला होता.

मग एप्रिल आला आणि पाणी आपसूक तिशीच्या वर गेलं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो. २० अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच. हीटर कपाटात गेले आणि बाबांचा टेबलफॅन टाकीवर आला, कारण पृष्ठभागावर वारा घातला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. याच मोसमात वीज जाते, म्हणून इन्व्हर्टरवर काय काय लावायचं यासाठी घरात बैठक झाली. हीटरचा अर्ज कायमचा फेटाळला. ५० लिटर पाणी काही तास ऊब धरून ठेवतं. हवेच्या पंपाला पाहिजे ती सवलत मिळाली, कारण पाणी थांबलं की माशांच्या आधी जिवाणू गुदमरतात, आणि पंपाची भूक तीन-चार वॅटच. चिरंजीवांनी वायफाय मंजूर करून घेतलं. बायकोने स्वयंपाकघरातला दिवा. बाबांच्या टीव्हीचा अर्ज आला आहे, पण तो भार काकांच्या गणितात बसत नाही, आणि काका सध्या गावी गेले आहेत.