नाकापेक्षा फवारा जड

भाद्रपद सरता सरता पुण्यात गाजर गवताला फुलं येतात आणि आमच्या घराला शिंका. हे गवत 1950च्या दशकात पुण्यातच पहिल्यांदा लोकांच्या डोळ्यांवर आलं. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं म्हणतात. मग ते देशभर पसरलं. पुण्याने देशाला काय काय दिलं याची यादी आमच्याकडे तोंडपाठ असते, हे नाव मात्र कुणी घेत नाही.

शिंकांवर घरातलं जुनं औषध म्हणजे क्लोरफेनिरामाइनची चिमुकली गोळी. शिंका आणतं ते हिस्टामिन; त्याला अडवणाऱ्या अशा औषधांचा मोठा मान आहे. औषधशास्त्रज्ञ डॅनियल बोव्हे यांना 1957 साली नोबेल मिळालं, त्यात या कामाचाही वाटा होता. पण ही जुनी गोळी मेंदूतही शिरते, त्यामुळे शिंकेआधी माणूसच आडवा होतो. चुलतभावाच्या लग्नाची बैठक होती. ऐन बोलणीत शिंक नको म्हणून मोठे काका गोळी घेऊन बसले. शिंक खरंच आली नाही. मुलीकडच्यांनी विचारलं, "कार्यालयाचा खर्च आपण करताय ना?" काकांची मान हळूच छातीवर टेकली. तिकडच्यांनी तो होकार धरला. काकांना जाग आली तेव्हा याद्यांवर सह्या होऊन पेढे फिरत होते.

नंतरच्या गोळ्या बऱ्याच सभ्य. सेटिरिझिनने काहींना पेंग येते, फेक्सोफेनाडिनने सहसा नाही. फक्त ही फेक्सोफेनाडिन संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर अंगात कमी उतरते, ती पाण्याबरोबरच घ्यायची. आमची आत्या ती नेमकी संत्र्याच्या रसाबरोबर घेते. तिचं म्हणणं, पाणी काय, धडधाकट माणसंही पितात; आजाऱ्याचा काही मान आहे की नाही?

खरी पंचाईत फवाऱ्याची. नाक सारखं चोंदत असेल तर कान-नाक-घशाचे डॉक्टर बहुधा स्टेरॉइडचा फवारा लिहून देतात, आणि अशा नाकाला गोळीपेक्षा त्याचाच गुण जास्त. मात्र तो रोज नेमाने मारावा लागतो आणि पुरता गुण यायला आठवडा-दोन आठवडे जातात. मारायचीही रीत आहे: मान जराशी पुढे, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, रोख मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला. मी हे सगळं आरशासमोर साग्रसंगीत करत होतो, तेवढ्यात भाऊजी आले. बाटलीवरचं नाव वाचून त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी गांजाच ओढतोय.

"स्टेरॉइड? अहो, सवय लागेल!"

एवढं बोलून त्यांनी शर्टाच्या खिशातून झायलोमेटाझोलिनची बाटली काढली, मान मागे टाकली आणि दोन्हीकडे थेंब सोडले. हे थेंब मिनिटाभरात नाक मोकळं करतात खरे, पण चार-पाच दिवसांच्या वर चालू ठेवले की उलटतात. असर ओसरला की नाक आधीपेक्षा घट्ट बंद. भाऊजींची एक बाटली खिशात, एक स्कूटरच्या डिकीत, एक उशीखाली. ताई म्हणते, देवघरातही एक सापडली होती.

"भाऊजी, हे किती वर्षं चाललंय?"

"बरीच झाली. पण याची सवय नाही हो लागत," ते बाटलीचं झाकण लावत म्हणाले. "नाही घातलं तर श्वास येत नाही, एवढंच."