मुळातकाका

तुमच्याकडचे कदाचित काका नसतील, मेव्हणे असतील, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी. आमचे काका आहेत आणि न्यू जर्सीत एडिसनला राहतात. समोर आलेली वस्तू आहे तशी खाणं, वापरणं किंवा निदान गप्प बसून बघणं त्यांना जमत नाही. आधी चष्मा कपाळावर चढतो, मग "मुळात" हा शब्द येतो आणि मग त्या वस्तूची कुंडली मांडली जाते. ती मांडून होईपर्यंत वस्तू गार होते.

एका आषाढीला आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी होती. सासूबाई भारतातून आलेल्या, सकाळपासून नुसत्या चहावर. काकांनी ताटलीकडे पाहिलं आणि चष्मा वर गेला.

"मुळात हा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा. कंद ब्राझीलकडचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. मिरची मेक्सिकोकडची. बटाटा पेरूचा."

"पेरूचा कसा होईल बटाटा?" सासूबाईंनी विचारलं.

पेरू हा देश आहे हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. मग सासूबाईंनी शांतपणे घास खाली ठेवला. "म्हणजे यात उपासाचं आहे तरी काय?"

"मुळात पाहायचं झालं तर," काकांनी ताटली निरखली, "तूप."

ती एकादशी सासूबाईंनी दुधावर काढली. द्वादशीला सकाळी काकांचं नाव घेऊनच उपास सोडला. कुठल्या शब्दांत घेतलं ते लिहीत नाही.

आमच्या मुलाच्या पाचव्या वाढदिवसाला तर मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. वीस पोरांनी गाण्यासाठी श्वास घेतला होता. तेवढ्यात काका म्हणाले, "मुळात हे गाणं वाढदिवसाचं नाहीच." केंटकीतल्या हिल आडनावाच्या दोन बहिणी, १८९३ साली छापलेलं त्यांचं पुस्तक, बालवाडीत सकाळी म्हणायचं 'गुड मॉर्निंग टू ऑल'. चाल तीच, शब्द मागून बदलले. बहिणींपर्यंत येईतो मेण आयसिंगवर उतरलं होतं. मुलाने गाण्याची वाट न बघता फुंकर मारून टाकली. त्या दिवसाचा व्हिडिओ आम्ही अजून बघतो. त्यात गाणं असं नाहीच, नुसतं "मुळात" ऐकू येतं.

निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी बेकिंग मनावर घेतलं. "पूर्वी नुसते बोलायचे, आता मैदा भिजवून बोलतात," इति काकू. दर पंचवीस डिसेंबरला त्यांच्याकडे आम्हा चार मराठी कुटुंबांना ब्रंचचं आमंत्रण असतं. वेळ अकराची. पहिल्या वर्षी आम्ही अकराला, उपाशी पोचलो. दीड वाजता मी धीर करून ओट्याकडे नजर टाकली, तर काका म्हणाले, "मुळात ब्रंच हा शब्द १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रजाने लेखात आणला. शनिवारी रात्री जागलेल्या मंडळींना रविवारी उशिरा उठता यावं म्हणून. तेव्हा ब्रंचला घाई करणं हे मुळातच..." तेव्हापासून आम्ही घरून पोहे खाऊन निघतो.

त्या ब्रंचचा मानकरी असतो मंकी ब्रेड. काकू त्याला माकडपाव म्हणतात. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: दूध, अंडं, लोणी घातलेला मैदा यीस्टवर फुगवायचा, त्याचे छोटे छोटे गोळे करायचे, एकेक गोळा वितळलेल्या लोण्यात बुडवून दालचिनी आणि ब्राउन शुगरमध्ये घोळवायचा आणि मधे भोक असलेल्या बंट पॅनमध्ये रचायचा. भट्टीत गोळे फुगून एकमेकांना चिकटतात, साखरेचा पाक होऊन फटींतून तळाशी उतरतो. मग पॅन ताटात उपडं करायचं. सुरी लागत नाही, हाताने एकेक गोळा ओढून खायचा.

तयारी आदल्या रात्रीपासून. दूध कोमटच हवं, जास्त तापलं की यीस्ट मेलं, म्हणून काका बाळाच्या आंघोळीचं पाणी बघावं तसं त्यात बोट बुडवतात. पीठ रात्रभर फ्रिजमध्ये सावकाश फुगतं. सकाळी ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून त्याला ऊब द्यायची, म्हणजे काकूंना ओव्हन बंद. गोळे साठ, प्रत्येक पंधरा ग्रॅमचा. काका काट्यावर तोलतात. काकूंनी आयुष्यभर लाडू वळलेत, त्यांचा गोळा नजरेच्या अंदाजाने सोळा ग्रॅमचा होतो. काका त्यातला एक ग्रॅम चिमटीने काढून घेतात. चाळीस वर्षांचा संसार त्या एका ग्रॅमवर तोलला जाताना मी डोळ्यांनी पाहिला आहे.

गेल्या वर्षी ओव्हन साडेतीनशेवर होता, इथे हे आकडे फॅरनहाइटमध्ये असतात. पस्तीस मिनिटांत दालचिनीचा वास जिन्यावरून वर गेला आणि वरच्या खोलीतली पोरं खाली आली. काकांनी पॅन बाहेर काढलं. इथून पुढे नियम सोपा आहे: पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि उपडं करायचं. लगेच केलं तर सगळं ढासळतं. फार थांबलं तर पाक घट्ट होऊन पॅनला धरतो.

काका थांबले. आणि थांबले आहेत तोवर म्हणून...

"मुळात हा प्रकार अमेरिकन नाहीच. हा हंगेरीचा. अरान्यगालुष्का. अरान्य म्हणजे सोनं. हंगेरीतल्या ज्यूंनी तो इकडे आणला. १९७२ साली बेटी क्रॉकरच्या पुस्तकात हंगेरियन कॉफी केक म्हणून छापून आला, आणि रेगन अध्यक्ष असताना नॅन्सीबाईंनी तो व्हाइट हाऊसच्या नाताळात नेला."

"काका, पॅन," मी म्हटलं.

"हां, पॅन! मुळात हे पॅन मिनियापोलिसचं. १९५० सालच्या सुमाराला तिथल्या काही ज्यू बायका डॅलक्विस्ट नावाच्या भांडीवाल्याकडे गेल्या. आपल्या जुन्या गुगलहुप्फ केकच्या साच्यासारखं भांडं करून दे म्हणाल्या. त्याने केलं. पुढे कित्येक वर्षं ते फारसं खपलं नाही. मग १९६६ साली टेक्सासच्या एका बाईने त्यात चॉकलेटचा केक केला, स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला आणि..."

"पहिला कोणाचा आला?" कुणीतरी विचारलं. असा एक असतोच.

पंचवीस मिनिटांनी काकांनी ताट पॅनवर ठेवलं, दोन्ही हातांनी धरलं आणि उपडं केलं. काही झालं नाही. वरून थापटलं. आतून फसकन आवाज आला आणि ताटात अर्धा मंकी ब्रेड पडला. उरलेले तीस गोळे तळाला घट्ट बसून राहिले.

"मुळाशीच चिकटलं," काकू म्हणाल्या. "मुळात तुम्ही गप्प बसला असतात तर सुटलं असतं."

आम्ही इतके हसलो की काकांनाही हसावं लागलं. मग ताटाभोवती आणि पॅनभोवती दोन कोंडाळी झाली. एरवी उष्ट्याखरकट्याला जपणाऱ्या बायका आधी काटे घेऊन आल्या आणि दोन मिनिटांत काटे टाकून बोटांवर आल्या. खोटं कशाला बोलू, पदार्थ अप्रतिम होता. आत कापसासारखा मऊ, बाहेरून चिक्कीसारखा. दर वर्षी मी हे मनात म्हणते. तोंडाने म्हटलं तर कृतीचं मूळ ऐकावं लागेल.

आमचा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. शाळेत त्यांना प्रत्येकाचं घराणं कुठून आलं ते लिहून आणायचं होतं. पाकाने माखलेल्या हातांनी तो काकांसमोर उभा राहिला. "काका, तुम्ही कुठले?"

"पुण्याचा."

"मुळात?"

त्याने मुद्दाम केलं नाही. त्याला वाटतं प्रश्न असाच विचारतात. पण सगळे हसायला तोंड उघडून थांबले, कारण काका चमच्याने पॅन खरवडत होते ते खरवडतच राहिले. चष्मा वर गेला नाही.

"पळसदेवचे," शेवटी काकू म्हणाल्या. "इंदापूर तालुका. जुनं पळसदेव. उजनीच्या धरणात गेलं."

पंधरा वर्षं मी या माणसाला ओळखते. शेंगदाण्यापासून व्हाइट हाऊसपर्यंत सगळ्यांचं मूळ मी त्यांच्या तोंडून ऐकलं आहे. आणि हे मला माहीत नव्हतं.

काकांनी हात धुतले, पुसले आणि फोन काढला. पुतण्या दर उन्हाळ्यात फोटो पाठवतो म्हणाले. फोटोत लांबवर पाणी, आणि पाण्यातून वर आलेलं देवळाचं काळं शिखर. पळसनाथाचं.

"घर कुठे आहे?" मुलाने विचारलं.

काकांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. नुसतं पाणी मोठं झालं. "इथे," ते म्हणाले. "पाणी फार उतरलं तर देवळापर्यंत चालत जाता येतं. घरापर्यंत नाही."

मुलाने वहीत लिहून घेतलं. काकूंनी चहा टाकला. मग कुणीतरी बर्फ पडणार का यावर बोलायला लागलं आणि सगळ्यांनी तो विषय उचलून धरला.

निघताना काकूंनी पॅनमधले खरवडलेले गोळे दह्याच्या रिकाम्या डब्यात भरून दिले. काका दाराशी आले होते. बाहेर गारठा, नवऱ्याने गाडी सुरू केलेली, मुलगा मागे बसलेला. मी बूट घातले, एक बंद बांधला, दुसरा बांधला. काही ऐकू आलं नाही. काका दिव्याखाली नुसते उभे होते, हात स्वेटरच्या खिशात.

मला राहवलं नाही. डबा वर करून मी म्हटलं, "काका, हे योगर्ट म्हणजे मुळात आपलं दहीच ना हो?"

चष्मा कपाळावर गेला.

"छे छे! मुळात योगर्ट हा शब्द तुर्की..."

नवऱ्याने गाडीतून माझ्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.