टनभर गाडी, तीन टनांची लिफ्ट

१९६२ ते १९८० या काळात इंग्लंडच्या ॲबिंग्डनमध्ये बनलेली एमजीबी ही स्पोर्ट्स कार वजनाला जेमतेम टनभर. तिच्या हौशी मालकाच्या गॅरेजात मात्र तीन टन पेलणारी सिझर लिफ्ट येऊन बसते. पाठ धरते, हे घरात सांगायचं कारण.

बटण दाबलं की तेलाच्या दाबावर गाडी तीन-चार फूट वर जाते आणि खटक्यावर टेकते. चाकं, ब्रेक सगळं हाताशी. गिअरबॉक्स नि एक्झॉस्ट पाहायला खाली शिरावं, तर मधोमध लिफ्टचीच कात्री आडवी! त्यातून एमजीबीचा क्लच बदलायचा तर इंजिन वरूनच उपसावं लागतं. म्हणजे खरं मोठं काम निघालं, की गाडी पुन्हा जमिनीवर.

शिवाय या गाडीला वेगळी चासी नाही. दारांखालच्या पत्र्याच्या पेट्या हाच तिचा कणा, आणि गंजही नेमका तिथलाच लाडका. रबरी ठोकळे तिथे टेकवले, की कधी गाडी वर जाते, कधी नुसता पत्रा.

गॅरेजच्या छताची उंची मोजायचं सुचतं, तेही लिफ्ट बसवून झाल्यावर. कापडी टपाचा मालक टप दुमडून वेळ निभावतो. १९६५ साली आलेल्या एमजीबी जीटी या प्रकाराच्या पक्क्या टपाला तीही सोय नाही.