कव्हरवाले नाना

डोंबिवलीला नानांच्या घरी गेलं की आधी कव्हरं भेटतात, नाना त्यानंतर. दारातलं पायपुसणं मळू नये म्हणून त्यावर जुन्या चादरीचा तुकडा. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोन्ही टोकांना रबरबँड. चॅनेल बदलायचं तर अंगठ्यात गिरणी कामगाराचा जोर हवा. फ्रिजच्या मुठीला मोजा, मिक्सरला झालर, सिलिंडरला घागरा. चष्म्याची केस रुमालात आणि रुमाल पिशवीत. त्यामुळे नाना चष्मा काढून लावेपर्यंत वाचायचं पत्र माईंनी वाचून, चुरगळून टाकलेलं असतं.

"वस्तू वापरल्याने खराब होत नाही रे," नाना सांगतात, "उघडी पडल्याने होते."

जावयासाठी म्हणून घेतलेला डिनर सेट अजून खोक्यात आहे. जावई येऊन चौदा वर्षं झाली. तो दर दिवाळीला स्टीलच्या ताटात जेवतो आणि खोक्याकडे आदराने पाहतो.

२००९ च्या दसऱ्याला नानांनी समोरून दार उघडणारं वॉशिंग मशीन घेतलं. त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि संध्याकाळच्या आत जांभळ्या फुलांचं, चेनवालं कव्हर चढवलं. मशीनचे नियम ठरले. धुणं काढलं की दार लगेच बंद. 'कट्' असा आवाज आलाच पाहिजे. वर कव्हर, आणि चेन शेवटपर्यंत. पाणी गार, कारण गरम पाण्याला वीज लागते. फेरा पंधरा मिनिटांचा, कारण मोटार झिजते. पावडर मात्र दोन मापं. इथे नानांचा हात सैल सुटे, कारण पावडर सेलमध्ये पाच किलोंनी घेतलेली असे आणि ती ओल धरायच्या आत संपवायची असे.

वास पहिल्यांदा आला तो एका श्रावणात. धुतलेल्या टॉवेलने तोंड पुसलं की तोंड पुन्हा धुवावंसं वाटे. माई म्हणाल्या, "मशीनला वास मारतोय." नाना म्हणाले, "कपड्यांना मारतोय. पावडर कमी पडतेय." दोनाची तीन मापं झाली. महिन्याभराने गुलाबी रंगाचं, सुवासिक द्रव्य आलं. मग ड्रममध्ये कापराच्या वड्या. मग कव्हरच्या खिशात डांबराच्या गोळ्या. शेवटी नानांचा सदरा जवळून गेला की आधी गुलाब, मग कापूर, मग कपाटातली आजी असा क्रम लागे आणि त्या सगळ्यांच्या खाली मूळ कुबट वास पाटावर मांडी घालून बसलेला असे. नानांनी आता वासालाही कव्हर घातलं होतं.

मी त्यांना एक शास्त्रीय गोष्ट सांगायला गेलो. म्हटलं, "नाना, २०१२ साली जपानी संशोधकांनी या वासाचा गुन्हेगार शोधलाय. मोराक्सेला नावाचा जिवाणू. कपड्यात उरलेला घाम, मळ खातो आणि वास सोडतो. त्या लोकांनी वासाचं वर्णनसुद्धा ओल्या मळक्या फडक्यासारखा असं केलंय."

"त्यासाठी जपानला कशाला जायचं?" माई आतून म्हणाल्या. "मला विचारायचं."

"आणि नाना, तो इतका चिवट आहे, की कपडे वाळवले तरी मरत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनाही सहज दाद देत नाही."

नानांचे डोळे चमकले. "टिकाऊ आहे हो!" ते म्हणाले. त्यांच्या तोंडून कुणाचंही एवढं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं.

शेवटी माईंनीच मेकॅनिकला बोलावलं. विशीतला पोरगा, कानात पेन्सिल. त्याने जांभळ्या फुलांकडे पाहिलं.

"काका, हे कव्हर कधी काढता?"

"कपडे लावताना."

"आणि दार कधी उघडता?"

"कपडे काढताना."

"मग मशीन सुकतं कधी?"

नाना गप्प बसले. सोळा वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

पोराने दाराभोवतीच्या रबराची घडी बोटाने उलटी केली. आत काळी बुरशी, बुळबुळीत साय आणि माईंची हरवलेली एक टिकली. "हे पावडरीचं," तो म्हणाला. "गार पाण्यात तीन मापं विरघळतात कुठे? जादा साबण आतल्या टबाच्या पाठीला जाऊन चिकटतो. त्यावर घाण बसते, आणि मग घाण तिथेच संसार थाटते. वरून ते गुलाबी पाणी ओतलंत, त्याचा आणखी एक थर."

"म्हणजे मी साफ करत होतो तेवढं..."

"तेवढं खायला घालत होतात."

नानांना हे लागलं असावं, कारण ते तडक आत गेले आणि एका हातात व्हिनेगर, दुसऱ्या हातात ब्लीचची बाटली घेऊन आले. "मग दोन्ही ओतू. एकदाच काय तो निकाल." पोराने झडप घालून ब्लीच काढून घेतलं. "काका, ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. वास जाईल, पण आपणही जाऊ." नानांनी व्हिनेगरच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं, आणि त्यावर पिशवी बांधली.

मग पोराने खालच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण उघडलं. खाली परात धरली. मगभर काळपट पाणी आलं, मागोमाग फिल्टर, आणि फिल्टरला बिलगून दोन शर्टाच्या गुंड्या, एक हेअरपिन, लोकलच्या तिकिटाचा लगदा आणि एक नाणं. पोराने ते पुसून उजेडात धरलं.

"हे काय, काका?"

चार आणे! पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं. म्हणजे त्या फिल्टरने एक अख्खं नाणं म्हातारं होऊन निवृत्त होताना पाहिलं होतं, आणि तोवर त्याला कुणी हात लावला नव्हता. नानांनी नाणं हातात घेतलं, निरखलं आणि म्हणाले, "बघ, आत राहिलं म्हणून टिकलं." नाणं लगेच एका छोट्या पिशवीत गेलं.

बाकीचं काम साधं होतं. पावडरीचा खण पूर्ण बाहेर काढून जुन्या ब्रशने घासला. रबराची घडी पुसून कोरडी केली. बोअरच्या पाण्याचा क्षार बसला होता म्हणून ड्रममध्ये लिंबूसत्त्व टाकून एक रिकामा फेरा ६० अंशांवर झाला. मग नुसत्या पाण्याचा दुसरा, ९० अंशांवर. नाना मीटरकडे बघत उभे होते. एखाद्याची अँजिओप्लास्टी चालू असताना नातेवाईक उभे असतात तसे. जाताना पोराने पथ्य सांगितलं: पावडर अर्ध्यावर आणा, महिन्यातून एकदा रिकामा गरम फेरा, फिल्टर दोन महिन्यांनी, आणि धुणं झालं की दार उघडं. "पैसे नाही लागत, काका. फक्त उघडं ठेवायचं."

नानांना आयुष्यात कुणी इतकं महाग औषध दिलं नव्हतं.

पण त्यांनी ते घेतलं. आता त्या घरात एकच वस्तू उघडी असते, आणि पॅसेजमधून जाणाऱ्या प्रत्येकाच्या गुडघ्याला ती लागते. वास गेला. टॉवेलला आता कशाचाच वास येत नाही. नाना तो तोंडावर धरून दोनदा हुंगतात आणि काहीतरी चुकल्यासारखं बघतात.

"आणि ते जांभळं कव्हर?" मी विचारलं.

"धुऊन ठेवलंय," नाना म्हणाले. "मळू नये म्हणून त्याला एक पिशवी शिवून घेतली. तोंड घट्ट बांधून माळ्यावर टाकलंय."

परवा, पावसाची पहिली झड येऊन गेल्यावर, माईंचा फोन आला. म्हणाल्या, "अरे, त्या मेकॅनिकचा नंबर आहे का तुझ्याकडे? माळ्यावरून वास येतोय."