मोळीतली चौथी लाइन

मंठ्याहून जालन्याला माहिती धाडायला एक लाइन अपुरी पडते, म्हणून कचेरीने चार घ्याव्यात, दोन्हीकडच्या राउटरांवर त्यांची मोळी बांधावी आणि २ एमबीपीएसच्या चार लाइनींची बेरीज फायलीत ८ लिहावी. बेरीज चोख असते. अशी मोळी बांधण्याचा मल्टिलिंक पीपीपी हा नियम आरएफसी १९९० या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजातला. १९९० हा क्रमांक, साल १९९६. निविदा काढणाऱ्यांना दोन्ही सारखेच.

यात माहितीच्या पाकिटांचे तुकडे होतात, त्यांना क्रमांक मिळतात, ते चारही लाइनींवर वाटले जातात. पलीकडचा राउटर क्रमाने जुळवतो. एका लाइनीवर सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडलेले तुकडे, वाढले, की धडधाकट तिघींचे तुकडे तिच्या हरवलेल्या तुकड्यासाठी ताटकळतात. मानाचा पाहुणा आल्याशिवाय पंगत बसत नाही, तसेच हे.

इलाज सोपा: एररचे आकडे शून्यावर आणावेत, कुठे पुन्हा चढतात ते पाहावे, ती लाइन बंद करावी. वेग वाढतो. पण ‘लाइन कमी केल्याने वेग वाढला’ या टिपणीवर सही कोण करणार? भाडे तर चारचे चालू. त्यापेक्षा पाचवी मागवलेली बरी. तीही त्याच चरातून येणार, जिथे उद्या रस्तारुंदीचा जेसीबी उतरायचाय.