सध्या घरीच असते

शाळेच्या प्रवेश अर्जात आईच्या नावापुढे ‘व्यवसाय’ अशी चौकट असते. मुलासाठी नोकरी सोडलेल्या बाईने तिथे काय लिहावे, हा पेच आपल्या समाजाने मोठ्या सौजन्याने सोडवला आहे: एक आडवी रेघ. कालपर्यंत कंपन्यांचे ताळेबंद तपासणारी सीए रात्री तीनला दुधाच्या बाटल्या उकळू लागली, की ‘सध्या घरीच असते’. तास मोजलेच नाहीत, तर ओव्हरटाइमची कटकट नाही.

२००१च्या जनगणनेनेही तिला एकटे पाडले नाही. ‘काम न करणारे’ या रकान्यात भिकारी आणि कैदी सोबतीला दिले. (कैद्याला निदान सुटकेची तारीख असते.)

आता एकच सुधारणा उरली. बायोडेटात पोर जर ‘गॅप’ म्हणूनच नोंदवायचे, तर जन्मदाखल्यावरही तसेच लिहावे: ‘नाव – गॅप; कालावधी – तीन वर्षे’.

तिच्या कामाला मोल नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. सर्वोच्च न्यायालयाने त्याच २००१ साली, जमशेदपूरमधल्या एका आगीच्या नुकसानभरपाईच्या खटल्यात, गृहिणीच्या कामाची किंमत लावून दिली: महिना ३,००० रुपये.

वारसांना मिळाले.