गुंजभर इकडेतिकडे

अप्पांनी गाणं ऐकायला बोलावलं की जेवून जावं आणि घरी उशीर होईल असं सांगून जावं. रेकॉर्ड समोर असते, प्लेअर समोर असतो, मंडळी सतरंजीवर मांडी घालून बसलेली असतात. पण सुई अजून ‘बसलेली’ नसते. रेकॉर्डवाल्यांत एक जात अशी आहे की तिला गाण्यापेक्षा गाण्याची पूर्वतयारी प्यारी. अप्पा त्या जातीचे मूळपुरुष शोभतील.

त्यांचं टर्नटेबल म्हणजे स्वित्झर्लंडच्या थोरेन्सचं टीडी १२४. १९५७ साली बाजारात आलेलं मॉडेल. त्याच्या अंगातच पाणसळ बसवलेली आहे. वाडा जुना, जमीन रस्त्याच्या बाजूला कललेली, त्यामुळे तो बुडबुडा मधोमध आणण्यात अप्पांची निम्मी सकाळ जाते. उरलेली सकाळ, कोणी दार आपटलं म्हणून तो पुन्हा आणण्यात.

हे यंत्र पुतण्याने अमेरिकेहून आणलं. व्होल्टेजचं जमवून घेतलं आणि पहिलीच बैठक झाली. बाईंचा ख्याल लागला. काय तो खर्ज, काय ते गांभीर्य! मंडळी डोळे मिटून डोलत होती. एक पेटीवाले तेवढे अस्वस्थ. शेवटी म्हणाले, “अप्पा, बाई काळी चारमध्ये गातात. या पांढरी चारमध्ये का गातायत?” अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०ची. मोटर त्या हिशेबाने एक षष्ठांश हळू फिरत होती आणि बाई सुमारे तीन स्वर खाली उतरल्या होत्या. वेग जुळवायची चकती आहे, पण तिची धाव तीन टक्क्यांची. इथे तूट जवळजवळ सतराची. दुसऱ्या दिवशी अप्पा भोसरीच्या एका लेथवाल्यासमोर उभे. मोटरवरची पुली एक पंचमांशाने जाड हवी होती. लेथवाल्याने विचारलं, “कुठल्या पंपाची?” अप्पा त्यानंतर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

पुली बसली, बाई काळी चारवर परतल्या. आता खरं तर ऐकायला हरकत नव्हती. पण टोनआर्म राहिला होता.

अप्पांचा आर्म एसएमई ३००९, त्यात शुअरचं व्ही १५ टाइप थ्री कार्ट्रिज. त्याच्या सुईला पाऊण ते सव्वा ग्रॅम भार चालतो. एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक मासा, आठ गुंजा. सुईचा भार मोजायला अप्पांनी खिशात मावेल असा काटा आणला; मग तो काटा खरा की खोटा हा प्रश्न आला, म्हणून काटा आणि त्याचं वजन घेऊन ते सराफाच्या पेढीवर गेले. सराफाने आदराने गादीवर बसवून विचारलं, “काही करायचंय की मोड आहे?” अप्पांनी एक ग्रॅमची कहाणी सांगितली. सराफ म्हणाला, “अप्पा, एवढ्यात धड नथ होत नाही.” तरी त्याने वजन तपासून दिलं. सराफ गाणं ऐकणारा असावा, किंवा मग पितृपक्ष असावा.

रेकॉर्ड फिरते तेव्हा सुई आत, स्पिंडलकडे ओढली जाते. ही ओढ मारायला आर्मच्या मागे नायलॉनचा दोरा आणि त्याला लोंबणारं चिमुकलं वजन असतं. एका दिवाळीच्या झाडलोटीत ते केरात गेलं. तेव्हापासून तिथे काकूंच्या मंगळसूत्राचे काळे मणी लोंबतात, काट्यावर तोलून ओवलेले. काकू म्हणतात, “मंगळसूत्राने कोणाला बाहेरच्या बाजूला ओढलेलं मी प्रथमच पाहतेय.”

पण अप्पांचा खरा जीव कोनात. रेकॉर्ड कोरणारी सुई सरळ रेषेत आत सरकलेली असते. आपला आर्म एका टोकाला खिळलेला, तो कमानीतच फिरणार. म्हणजे कोन चुकणारच. स्वीडनच्या लॉफग्रेननी १९३८ साली गणित मांडून ही चूक कमीत कमी कशी करायची ते दाखवलं, पण शून्य होते ती दोनच ठिकाणी: अप्पांच्या मापपट्टीप्रमाणे केंद्रापासून १२१ मिलिमीटरवर आणि ६६ मिलिमीटरवर. त्यासाठी एसएमईची अख्खी बैठक केसभर मागे, केसभर पुढे सरकवावी लागते. मग भिंग, मग बॅटरी, मग “श्वास रोखा जरा.” एकदा मंडळींनी बंड केलं आणि रेकॉर्डची एक पूर्ण बाजू वाजवून घेतली. आम्ही समेवर माना हलवत होतो, अप्पा निश्चल. सहाव्या मिनिटाच्या सुमाराला बाई नुसत्या श्वास घेत असताना ते एकदम “वा!” म्हणाले. सुई १२१वर आली होती. शेजारच्या नवख्या गृहस्थांनीही घाईघाईने “वा!” म्हणून घेतलं. पुढची दाद थेट द्रुत संपत आल्यावर, ६६ला.

गदिमा आणि बाबूजींचं गीतरामायण पुणे आकाशवाणीने १ एप्रिल १९५५ला सुरू केलं आणि वर्षभराच्या थोडं पुढे जाऊन छप्पन्न गाणी पुरी केली. अप्पांकडे कुश-लव पहिल्या कडव्यापुढे गेलेले नाहीत. त्यांचा ‘श’ टोचतो, म्हणून आर्म उचलला जातो, अर्धा मिलिमीटर खाली घेतला जातो, आणि कुश-लव पुन्हा आरंभ करतात. त्या दिवाणखान्यात राम अजून जन्मायचा आहे.

स्वयंपाकघरात मात्र तो परवा वनवासाला निघून गंगेपर्यंत पोचला होता. तिथे काकूंचा माहेरचा पेटीवजा प्लेअर आहे. सुई उडू नये म्हणून आर्मच्या डोक्यावर पंचवीस पैशांची जुनी पावली ठेवलेली. काकू भाजी निवडत होत्या, नाव पाण्यात शिरली होती, आणि अप्पा दारात येऊन थबकले.

“पावली? अगं, सुईवर वरून अडीच ग्रॅम? खाच सोलून निघेल!”

“छप्पन्नच्या छप्पन्न ऐकलीयत मी. आपण?”

अप्पांचं लक्ष काकूंकडे नव्हतंच. “टांकसाळीचं वजन,” ते पुटपुटले. “सरकारी. काटा तपासायला याहून चांगलं काय मिळणार!” त्यांनी पावली अलगद उचलली आणि ते आत गेले.

सुईने उडी मारली. पैलतीराकडे निघालेली नाव मागे आली, पुन्हा निघाली, पुन्हा मागे आली.

“अहो, पावली आणा आधी! रामाची नाव परत फिरतेय!”

“दोन पूर्णांक चार सात,” आतून अप्पा म्हणाले. “झिजलीय.”